ला देफाँस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसच्या पश्चिमेला काचेच्या मनोऱ्यांची जी गर्दी दिसते, तिच्याबद्दल मला सतत निरोप येतात. कोणी नोकरीसाठी येत असतं, कोणी शिकायला, कोणाला सहलीत एक दुपार मोकळी मिळालेली असते. विचारणारे वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ४ वाचा. इथला निम्मा गोंधळ त्याने सुटतो.

१. ला देफाँस पॅरिसमध्ये आहे की पॅरिसच्या बाहेर?

बाहेर, पण अगदी लागून. पश्चिमेकडे जाताना पॅरिस शहराची हद्द संपते, मध्ये न्यूयी हे गाव येतं, मग सेन नदीचा पूल, आणि पूल ओलांडला की ला देफाँस. ते स्वतः गाव नाही, त्याची वेगळी नगरपालिकाही नाही. प्युतो, कूर्बव्वा आणि नाँतेर या ओ-द-सेन जिल्ह्यातल्या गावांच्या जमिनीवर मिळून ते उभं आहे. साधारण १,८०,००० माणसं इथे रोज कामाला येतात. एवढ्या मोठ्या जागेची देखभाल ‘पारी ला देफाँस’ नावाची सार्वजनिक संस्था करते. बांधकाम पाहणारी आणि रोजचा कारभार पाहणारी अशा दोन संस्था एकत्र करून ती २०१८ मध्ये तयार झाली.

२. ‘देफाँस’ म्हणजे संरक्षण ना? मग इथे लष्कराचं काही आहे का?

काही नाही. नाव एका पुतळ्यावरून पडलं. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. शहराने तो वेढा महिनोन्‌महिने झेलला. त्या लढ्याच्या आठवणीसाठी लुई-एर्नेस्त बारियास या शिल्पकाराचा ‘ला देफाँस द पारी’ हा काशाचा पुतळा १८८३ मध्ये इथल्या चौकात उभा राहिला. तेव्हा इथून एकही मनोरा दिसत नव्हता, होती ती टेकडी, रस्ता आणि गोल चौक. पुतळ्याच्या नावाने चौक ओळखला जाऊ लागला आणि चौकाच्या नावाने पुढे सगळा भाग.

पुतळा आजही आहे. मनोऱ्यांच्या मध्ये तो लहानसा वाटतो आणि लोक मोबाइलमध्ये बघत त्याच्या बाजूने निघून जातात. तुम्ही मात्र दोन मिनिटं थांबा. झेंडा धरलेली उभी स्त्री म्हणजे पॅरिस, बंदुकीत काडतूस भरणारा जखमी तरुण म्हणजे तिचे शिपाई, आणि खाली बसलेली मुलगी म्हणजे वेढ्यात उपाशी राहिलेले सामान्य लोक.

३. एवढ्या उंच इमारती शहरात न बांधता कडेला का बांधल्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांना मोठी कार्यालयं हवी होती आणि जुन्या पॅरिसच्या दगडी इमारतींत ती मावत नव्हती. सरकारने १९५८ मध्ये ‘एपाद’ ही संस्था स्थापन करून तिच्याकडे ही जमीन सोपवली. जागा निवडली तीही विचार करून. लूव्र राजवाड्यापासून त्विलरी बाग, कोंकॉर्द चौक, शाँज-एलिझे आणि आर्क द त्रियोंफ असा जो सरळ अक्ष शहर चिरत पश्चिमेला जातो, त्याच्याच पुढच्या टोकावर ही टेकडी आहे. त्या अक्षाची सुरुवात सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र या बागरचनाकाराने केली होती.

शहराच्या आत उंच बांधून पाहिलंच नाही असं नाही. १९७३ मध्ये मोंपारनासचा मनोरा झाला आणि तो लोकांना इतका खुपला की १९७७ मध्ये पॅरिसच्या बऱ्याच भागात ३७ मीटरची मर्यादा आली. मध्यंतरी काही ठिकाणी ती सैल झाली, २०२३ मध्ये पुन्हा कडक झाली. त्यामुळे उंची हवी असेल तर हद्दीबाहेर जा, असा व्यवहार ठरून गेला. माझ्या मते पॅरिसचं आकाश वाचलं ते या जागेने उंचीचा भार उचलला म्हणून, आणि त्याबद्दल तिला फारसं श्रेय मिळत नाही.

४. मी जमिनीवर चालतोय की कुठल्या गच्चीवर? इथे रस्ते, गाड्या काहीच का दिसत नाही?

तुम्ही खरोखरच एका छतावर चालत आहात. ला देफाँसचा मधला सगळा मोकळा भाग म्हणजे काँक्रीटचा एक प्रचंड चौथरा आहे, सुमारे ३१ हेक्टरचा. पायी माणूस वर, वाहनं खाली, अशी १९५० च्या दशकातल्या नगररचनाकारांची कल्पना होती. बहुतेक शहरांत ती कागदावर राहिली. इथे ती पूर्ण बांधली गेली.

चौथऱ्याखाली काय आहे ते थरांनी समजून घ्या. सगळ्यात वर माणसं, झाडं, कारंजी. त्याखाली गाड्यांचे रस्ते, माल उतरवायच्या जागा, वाहनतळ, बसस्थानक. ए-१४ हा महामार्ग बोगद्यातून इथूनच जातो. मग मेट्रो, आरईआर (पॅरिसमधून उपनगरांत जाणारी जलद रेल्वे) आणि रेल्वेचे फलाट. मनोऱ्यांचे पाय या सगळ्यांमधून वाट काढत खऱ्या जमिनीत शिरतात.

मनोऱ्याचा ‘तळमजला’ विचाराल तर दोन उत्तरं मिळतात: चौथऱ्यावरचं दार आणि त्याच्या कितीतरी खाली, गाड्यांच्या पातळीवरचं दार. फोनवरचा नकाशा उंची ओळखत नाही. तो म्हणतो ‘पोहोचलात’ आणि तुम्ही बोगद्यासारख्या रस्त्यावर भिंतीसमोर उभे असता. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं तसाच फिरलो. ज्या दारातून आत जायचं होतं ते बरोबर माझ्या डोक्यावर होतं. इथे वाट चुकली तर डावं-उजवं शोधण्याआधी वर-खाली शोधा. जवळचा सरकता जिना पकडून आधी चौथऱ्यावर या. तिथून ग्रांद आर्श ही कमानीसारखी पोकळ, प्रचंड इमारत दिसतेच, मग दिशा आपोआप लागते.

चौथऱ्याचे तोटेही खरे आहेत. कडेला गेलं की तो एकदम संपतो. शेजारच्या जुन्या वस्तीत उतरायला जिने आणि पादचारी पूल शोधावे लागतात, आणि बाळगाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर चालू असलेली लिफ्ट सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

५. काही मनोरे ठेंगणे आणि एका साच्यातले, काही भलतेच उंच. असं का?

ते वेगवेगळ्या काळातले आहेत. पहिल्या पिढीला नियमच होता: पाया ४२ बाय २४ मीटर, उंची १०० मीटरपर्यंत. १९६६ चा नोबेल मनोरा, ज्याला आज ‘इनिस्याल’ म्हणतात, हा त्या पिढीचा सर्वांत देखणा वारस. मोठ्या कंपन्यांना जास्त जागा हवी झाली तेव्हा सत्तरच्या दशकात मर्यादा उठली आणि काळेकरडे, जाड, वीज खाणारे मनोरे आले. तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं. काही वर्षं इथे कार्यालयं विकलीच गेली नाहीत. १९७८ नंतर सरकारने हात दिला, १९८१ मध्ये ‘ले कात्र ताँ’ हा मॉल उघडला आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

जुने मनोरे पाडलेही जातात. १९६३ चा एसो मनोरा इथल्या पहिल्यांपैकी एक होता. १९९३ मध्ये तो पाडला आणि त्या जागी पुढे ‘कर देफाँस’ हे संकुल आलं.

६. ग्रांद आर्श अक्षावर असूनही थोडी तिरपी का वाटते? की मलाच भास होतो?

भास नाही. ती अक्षापासून सहा अंशांहून थोडी जास्त वळलेली आहे आणि कारण पुन्हा चौथऱ्याखालीच आहे (प्रश्न ४). सुमारे ११० मीटर उंचीचा, जवळजवळ घनाकृती असलेला हा भार बारा खांबांवर उभा आहे. ते खांब खाली उतरवायचे तर मध्ये महामार्ग, मेट्रो आणि आरईआर. सरळ ठेवली असती तर पाय रुळांत गेले असते. थोडी वळवली आणि जागा मिळाली. योगायोग असा की अक्षाच्या दुसऱ्या टोकाला लूव्रसुद्धा जवळपास तेवढंच वळलेलं आहे, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांना साद घालतात.

वास्तुकार योहान ओटो फोन स्प्रेकेल्सन डेन्मार्कचे. त्यांच्या नावावर स्वतःचं घर आणि मोजकी चर्चं, एवढंच काम होतं. ४२४ प्रस्तावांतून त्यांचा निवडला गेला आणि १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. काम चालू असताना तडजोडींना कंटाळून ते बाजूला झाले आणि १९८७ मध्ये वारले. पॉल आँद्र्यू यांनी ते पूर्ण केलं. १९८९ च्या जुलैत, फ्रेंच क्रांतीच्या द्विशताब्दीला, उद्घाटन झालं. ज्याने ती कल्पनेत पाहिली त्याने ती पुरी झालेली पाहिली नाही, हे पायऱ्यांवर बसलं की मला दर वेळी आठवतं.

अक्षावरच्या तिन्ही कमानींच्या उंचीही पाहा: लूव्रजवळच्या कारुझेलची सुमारे १९ मीटर, आर्क द त्रियोंफ सुमारे ५०, ही ११०. प्रत्येक आधीचीच्या दुपटीहून मोठी.

७. बाजूची ती पांढरी, शिंपल्यासारखी इमारत कसली?

सीएनआयटी, लोक ‘क्नित’ म्हणतात. इथली सर्वांत जुनी मोठी वास्तू, १९५८ ची. काँक्रीटचं छत फक्त तीन टोकांवर टेकलेलं आहे आणि दोन टोकांमधलं अंतर २१८ मीटर आहे. मध्ये एकही खांब नाही. अभियंता निकोला एस्कियाँ यांनी छताचं कवच दुहेरी केलं, दोन पातळ थर आणि मध्ये पोकळी, म्हणून ते स्वतःच्या वजनाने कोसळत नाही. आधी प्रदर्शनं भरायची, आता हॉटेल, दुकानं, कार्यालयं आहेत.

याहून थक्क करणारं काम अलीकडे तिच्या पोटात झालं. आरईआरच्या ‘ई’ मार्गाचं नवं स्थानक बरोबर या इमारतीखाली खोदलं, वर व्यवहार चालू असताना. जुन्या खांबांचा भार जॅकवर तोलून धरला, खाली नवे आधार दिले आणि मग खोदाई झाली. मे २०२४ पासून तिथून गाड्या धावतात.

८. पॅरिसहून यायला मेट्रो बरी की आरईआर? तिकीट वेगळं लागतं म्हणे?

शार्ल द गोल-एत्वाल, ओबेर किंवा शात्लेहून येत असाल तर आरईआर ए सर्वांत झटपट. लाइन १ ची मेट्रो हळू जाते पण तिला चालक नाही, त्यामुळे सगळ्यात पुढे उभं राहून बघता येतं. न्यूयीनंतर ती पुलावरून उघड्यावर नदी ओलांडते आणि मनोरे समोर येतात. पहिल्यांदा येत असाल तर मेट्रोनेच या. साँ-लाझारच्या बाजूने येणाऱ्यांना आरईआर ई सोयीची.

तिकिटाबद्दल जुन्या माहितीवर जाऊ नका. पूर्वी मेट्रोने आलं तर साधं तिकीट चालायचं आणि त्याच ठिकाणी आरईआरने आलं तर महागडं लागायचं. ते ठाऊक नसलेल्या पाहुण्यांना दंड व्हायचा. जानेवारी २०२५ पासून मेट्रो, रेल्वे आणि आरईआर यांना विमानतळ सोडून सगळीकडे एकच दर आहे. तिकीट मात्र बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा.

९. मग त्याच तिकिटावर टी-२ ट्रॅममध्ये बसता येईल ना?

नाही. बस आणि ट्रॅमचं तिकीट निराळं असतं. मेट्रोने आलात आणि पोर्त द व्हेर्सायच्या प्रदर्शनाला टी-२ ने निघालात तर दुसरं तिकीट लागेल. महिन्याचा किंवा आठवड्याचा नाव्हिगो पास असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

१०. माझ्या नेमणूकपत्रावर ‘प्युतो’ लिहिलंय, मित्राच्या पत्रावर ‘कूर्बव्वा’, आणि दोघांनाही ‘ला देफाँस’ला बोलावलंय. नक्की कुठे जायचं?

दोन्ही बरोबर असू शकतं. ढोबळमानाने अक्षाच्या उत्तरेला कूर्बव्वा, दक्षिणेला प्युतो, आर्शच्या मागे नाँतेर. पण सीएनआयटी उत्तरेला असूनही प्युतोत मोडते, म्हणून अंदाजावर विसंबू नका.

मनोऱ्याचं नाव विचारा, तेही आजचं. इथले मनोरे भाडेकरू बदलला की नाव बदलतात. यूएपी मनोऱ्याचा आक्सा झाला, मग ‘फर्स्ट’. गान मनोऱ्याचा ‘सीबी २१’. जुने कर्मचारी जुनीच नावं घेतात, पाटीवर नवं असतं. दुसरं, मेट्रोचं कोणतं स्थानक जवळ आहे ते विचारा, कारण ‘एस्प्लानाद’ आणि ‘ला देफाँस’ ही दोन वेगळी स्थानकं आहेत आणि चुकीच्या ठिकाणी उतरलं तर बरीच पायपीट होते. तिसरं, टॅक्सीने येणार असाल तर खालच्या रस्त्यावरचा प्रवेश मागून घ्या. पायी येणाऱ्याचा पत्ता टॅक्सीला उपयोगी पडत नाही (प्रश्न ४). मुलाखतीच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवाच. स्वागतकक्षात ओळखपत्र दाखवून बिल्ला मिळायलाही वेळ जातो.

११. वारा इतका का सुटतो?

उंचावर वारा जोराचा असतो. मनोरा त्याला अडवतो, मग तो भिंतीवरून खाली घसरतो आणि कोपऱ्यांवर वेग घेतो. त्यात इकडचा नेहमीचा वारा पश्चिमेचा आणि अक्ष त्याच दिशेला मोकळा. आर्शखाली जे पांढरं कापडी छत ताणलेलं दिसतं ते शोभेसाठी तर आहेच, वारा मोडायलाही आहे. छत्री उलटते, टोपी असलेलं जॅकेट घाला.

१२. शनिवार-रविवारी यावं का?

वास्तू आणि शिल्पं निवांत बघायची असतील तर जरूर. बरीचशी उपाहारगृहं मात्र कचेऱ्यांच्या वेळेवर चालतात, त्यामुळे खाण्यासाठी मॉलच गाठावा लागतो. मला स्वतःला हे ठिकाण भावतं ते आठवड्यातल्या सकाळी साडेआठला, जेव्हा स्थानकाच्या तोंडातून माणसांचा लोंढा चौथऱ्यावर येतो आणि क्षणात वेगवेगळ्या दारांत विरून जातो. एक अपवाद लक्षात ठेवा: आर्शच्या मागे, नाँतेरच्या हद्दीत, २०१७ मध्ये सुरू झालेलं बंदिस्त क्रीडागृह आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती तिथेच झाल्या. तिथे सामना किंवा मैफल असेल त्या संध्याकाळी स्थानकात पाय ठेवायला जागा नसते.

१३. इथे कोणी राहतं का? आणि आधी कोण राहत होतं?

राहतात, हजारो कुटुंबं. चौथऱ्याच्या कडांना निवासी इमारती आहेत, २००१ चं एक चर्च आहे, द्राक्षांचा छोटा मळाही आहे. नाँतेरकडे एमिल आयो यांचे ढगांच्या रंगांचे अठरा निवासी मनोरे आहेत, थेंबाच्या आकाराच्या खिडक्यांचे. ते दुरूनच बघून परतू नका.

दुसऱ्या भागाचं उत्तर कोणत्याही माहितीफलकावर सहज सापडत नाही, म्हणून ते इथे लिहितो. आधी इथे लहान कारखाने, गॅरेज, साधी घरं होती. आणि मनोरे उठत होते त्याच वर्षांत पलीकडे नाँतेरच्या ‘ला फोली’ भागात पत्र्या-फळ्यांची झोपडपट्टी होती. तिथे मुख्यतः अल्जीरियातून आलेले मजूर राहत. त्यांतले बरेच बांधकामांवर राबायचे. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री, फक्त अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध ते कुटुंबांसह निःशस्त्र मोर्चाने पॅरिसकडे निघाले. न्यूयीच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं, तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री पॅरिस परिसरात अनेक अल्जीरियन मारले गेले, काहींना सेनमध्ये फेकलं गेलं. प्रश्न ८ मध्ये ज्या पुलावरून मेट्रोने यायला सांगितलं, तो हाच. ‘ला फोली’ हे नाव आज आरईआर ई च्या शेवटच्या स्थानकात उरलं आहे.

१४. उघड्यावरच्या शिल्पांपैकी कोणती चुकवू नयेत?

सत्तरच्या आसपास कलाकृती आहेत. माझी निवड अशी. अलेक्झांडर कॉल्डर यांचा १५ मीटरचा लाल ‘कोळी’, त्याच्या पायांखालून चालत जा. मॉलसमोरच्या मिरो यांच्या दोन रंगीत आकृती. सेझार यांचा १२ मीटरचा अंगठा. आणि पूर्व टोकाला ताकिस यांचं पाण्यातल्या ४९ दिव्यांचं शिल्प, अंधार पडताना. तिथून समोर आर्क द त्रियोंफ दिसते. रेमों मोरेत्ती यांचा रंगीत नळ्यांचा खांब पाहून अनेक जण विचारतात की हे कसलं शिल्प. ती वायुवीजनाची चिमणी आहे, खालच्या थरांचा श्वास तिच्यातून बाहेर पडतो.

१५. सर्वांत उंच मनोरा कोणता? आयफेलपेक्षा उंच काही आहे का?

आयफेल ३३० मीटर आहे, तिच्याएवढं इथे काही नाही. २०११ पासून ‘फर्स्ट’ २३१ मीटरवर पहिला राहिला, तोही १९७४ च्या मनोऱ्याला वाढवून केलेला. ‘द लिंक’ या जोडमनोऱ्याची उंची त्याहून जास्त आहे. न झालेल्यांची यादी जास्त ओढ लावते. झाँ नुव्हेल यांनी १९८९ च्या सुमारास ४२५ मीटरचा ‘अंत नसलेला मनोरा’ आखला होता. वर जाताना तो फिकट होत आकाशात मिसळून जाणार होता. पैसा उभा राहिला नाही. इथे त्यांचा मनोरा अखेर २०२२ मध्ये झाला, २२० मीटरचा ‘हेक्ला’.

१६. ग्रांद आर्शच्या गच्चीवर जाता येतं का?

गच्ची कधी उघडी असते, कधी वर्षानुवर्षं बंद. २०१० मध्ये लिफ्टच्या बिघाडानंतर बंद झालेली गच्ची २०१७ मध्ये उघडली होती. तिच्या भरवशावर दिवस आखू नका. पायऱ्यांवरून पूर्वेकडे दिसणारं दृश्य फुकट आहे आणि भरपूर आहे.

१७. आमच्या कार्यालयात आगीच्या सरावाचा इतका आग्रह का? आणि खिडक्या का उघडत नाहीत?

फ्रेंच कायद्यात २८ मीटरवरची कार्यालयीन इमारत ‘अतिउंच’ धरतात (निवासी असेल तर ५० मीटर). अशा इमारतीत प्रशिक्षित अग्निसुरक्षा पथक चोवीस तास हजर लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मजले एकमेकांपासून आगरोधक भिंती-दारांनी तोडलेले असतात, म्हणून जिन्याचं दार पाचर लावून उघडं ठेवणं हा इथे गंभीर अपराध मानतात. खिडक्या बंद असतात त्या मुख्यतः वाऱ्यामुळे आणि यांत्रिक हवा-व्यवस्थेमुळे.

१८. इथे काढलेले फोटो मी संकेतस्थळावर टाकू शकतो का? माझा फोटोंचा व्यवसाय आहे.

व्यवसायासाठी असेल तर जपून. २०१६ पासून फ्रेंच कायदा रस्त्यावरच्या कायमस्वरूपी वास्तू आणि शिल्पांच्या प्रतिमांना मोकळीक देतो, पण फक्त व्यक्तींना आणि फक्त बिगरव्यापारी वापरासाठी. स्वामित्वहक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. स्प्रेकेल्सन १९८७ मध्ये गेले, कॉल्डर १९७६ मध्ये, म्हणजे आर्श आणि लाल कोळी दोन्ही अजून हक्काखाली आहेत. उलट बारियास १९०५ मध्ये वारले, तेव्हा प्रश्न २ मधल्या पुतळ्याचा फोटो तुम्ही खुशाल विका. दूरवरून घेतलेल्या दृश्यात एखादी वास्तू ओघाने आली तर सहसा अडचण येत नाही. तिलाच विषय केलं की येते. मोठा सरंजाम लावून चित्रीकरण करायचं तर प्रश्न १ मधल्या संस्थेची परवानगी काढा.

१९. चौथऱ्याखाली मेट्रोची बंद स्थानकं आहेत ही अफवा आहे का?

खरं आहे, फक्त ती ‘बंद पडलेली’ नाहीत, कधी उघडलीच नाहीत. लाइन १ नदीखालून बोगद्याने येईल असं धरून सत्तरच्या दशकात चौथऱ्याखाली दोन स्थानकांचे सांगाडे बांधून ठेवले होते. पुढे बोगद्याचा खर्च झेपेना. मेट्रो पुलावरून आणायचं ठरलं, तिचा मार्ग बदलला आणि १ एप्रिल १९९२ ला ती आजच्या जागी पोहोचली. ते दोन सांगाडे आपल्या ठिकाणीच राहिले. त्यांत ना रूळ पडले ना दिवे लागले. सर्वसामान्यांना तिथे प्रवेश नाही. एक मॉलच्या खाली आहे, दुसरं दक्षिणेला मिशले भागाखाली.